वारशाची किंमत: चांगला ग्राइंडर घेतल्यावर एस्प्रेसोचे यंत्र कोणते घ्यावे?

#थ्रेड #इतिहास

१/२५
चांगला ग्राइंडर घरी आला की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: आता यंत्र कोणते? त्याचे ठरलेले उत्तर असते, 'ग्राइंडरला शोभेल असे'. म्हणजे क्रोमने मढवलेले, दर्शनी भागावर दाबमापक असलेले आणि माहितीपत्रकात '१९६१ चा वारसा' मिरवणारे. या धाग्याचे प्रतिपादन नेमके उलट आहे. तो वारसा नीट वाचला, तर निवड सोपी होते आणि पैसेही वाचतात.

२/२५
प्रतिपादन असे: एस्प्रेसो यंत्राचा इतिहास हा मुख्यतः दोन प्रश्नांचा इतिहास आहे. पाण्यावर पुरेसा दाब कसा आणावा आणि ते पाणी योग्य तापमानावर कसे राखावे. हे दोन प्रश्न सुटले की चवीचा कारभार दळणाच्या हाती जातो. म्हणून यंत्राने ग्राइंडरच्या किमतीशी बरोबरी करण्याचे कारण नाही. ग्राइंडरच्या कामात त्याने आडवे येऊ नये, एवढे पुरे.

३/२५
आरंभ तुरिन शहरात. हॉटेल व्यवसायातील आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ सालच्या तुरिन प्रदर्शनात वाफेवर चालणारे कॉफीयंत्र मांडले आणि त्याच वर्षी पेटंट घेतले. हेतू सरळ होता: गिऱ्हाईक ताटकळू नये. मात्र हे यंत्र एकेका कपाची कॉफी करत नसे. एकदम मोठा घाणा काढत असे. 'एस्प्रेसो' या शब्दातील 'मागणीनुसार, तेव्हाच्या तेव्हा' हा अर्थ त्यात अजून यायचा होता.

४/२५
तो अर्थ मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी आणला. १९०१ सालच्या त्यांच्या पेटंटात मूठ असलेली, काढता-घालता येणारी गाळणी होती. तिच्यात एका कपापुरती पूड भरायची, ती यंत्राला अडकवायची आणि थेट कपात कॉफी उतरवायची. देसिदेरिओ पावोनी यांनी ते हक्क विकत घेतले, आणि १९०६ च्या मिलान प्रदर्शनात हे पेय जगापुढे आले. आजच्या प्रत्येक घरगुती यंत्राची मूठ ही त्याच मुठीची वंशज आहे.

५/२५
तरीही ती कॉफी आजची एस्प्रेसो नव्हती, आणि त्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. या यंत्रांत दाब वाफेचाच असे, साधारण दीड ते दोन बार. बंद बॉयलरमध्ये वाफेचा दाब वाढला की पाण्याचे तापमानही वाढते. दीड बारला ते १२५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. वाफेच्या बळावर ९ बार गाठायचे, तर पाणी सुमारे १८० अंशांवर न्यावे लागेल. त्या पाण्यात कॉफी मुरत नाही, करपते. वाफेचा मार्ग इथेच खुंटला.

६/२५
महाराष्ट्रातील वाचकांनी या वाफयुगाची एक खूण पाहिलेली असते. लग्नाच्या रिसेप्शनला कोपऱ्यात उभे असलेले चकचकीत यंत्र, फुसफुसणारी वाफ, फेसाळ दूध आणि वर भुरभुरलेली चॉकलेटची पूड. नाव एस्प्रेसो. त्यात बहुधा झटपट कॉफी असते आणि वाफ केवळ दूध तापवून फेसाळते. तिची गोडी नाकारण्याचे कारण नाही. पण या पेल्याने एक गोष्ट पिढ्यांच्या मनात रुजवली: यंत्र मोठे, आवाज मोठा, म्हणजे कॉफी खरी.

७/२५
खरे वळण वाफेला रजा दिल्यावर आले. १९३५ मध्ये फ्रांचेस्को इली यांनी दाबलेल्या हवेवर चालणारे 'इलेत्ता' यंत्र घडवले. १९३८ मध्ये मिलानचे आकिले गाज्जा यांनी वाफेविना दाब देणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले. महायुद्ध सरल्यावर, १९४७-४८ च्या सुमारास, त्यांची स्प्रिंगच्या तरफेची यंत्रे आली. दाब आता बॉयलरच्या हाती राहिला नाही. तो स्प्रिंग देऊ लागली. दाब आणि तापमान यांची ताटातूट झाली.

८/२५
कपावर सोनेरी-तपकिरी साय दिसू लागली. तिचे नाव क्रेमा. इतिहासकथा बहुधा याच सायीपाशी थांबतात, पण गाज्जांच्या शोधाचा खोल परिणाम दळणावर झाला. आठ-नऊ बारचा दाब जाड पुडीतून क्षणार्धात आरपार जातो. त्याला अडवायचे तर पूड पुष्कळ बारीक हवी आणि एकसारखी हवी. दाब यंत्राने द्यायचा, प्रतिकार दळणाने करायचा. याच टप्प्यावर ग्राइंडर हा नोकर न राहता भागीदार झाला.

९/२५
जात्याच्या संस्कृतीतील माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. जात्याचे दात बोथट झाले की पीठ जाडेभरडे येते, मग टाकी लावून घ्यावी लागते. तव्याला दोष देऊन भाकरी सुधारत नाही. कॉफीतही तेच. ओबडधोबड दळणात धूळ आणि कण्या एकत्र असतात. धुळीतून अर्क अति उतरतो, तो कडू लागतो. कण्यांतून पुरता उतरत नाही, तो आंबट लागतो. एकाच कपात दोन्ही खोड्या येतात, आणि त्या दुरुस्त करण्याचे सामर्थ्य कोणत्याही यंत्रात नाही.

१०/२५
आता त्या बहुचर्चित आकड्याकडे. १९६१ मध्ये एर्नेस्तो वालेंते यांच्या फाएमा कंपनीने ई-६१ हे यंत्र आणले. १५ फेब्रुवारी १९६१ च्या सूर्यग्रहणावरून, म्हणजे इटालियन भाषेतील 'एक्लिस्सी' या शब्दाच्या आद्याक्षरावरून, त्याचे नाव पडले. तरफ ओढणाऱ्या हाताची जागा विजेच्या पंपाने घेतली. ताजे पाणी बॉयलरमधून जाणाऱ्या नळीत तापू लागले. ९ बार हा दाब त्यानंतर प्रमाण मानला जाऊ लागला.

११/२५
ई-६१ थोर आहे यात वाद नाही. वाद आहे तो त्याच्या संदर्भाचा. पितळेचा तो सुमारे चार किलोंचा ग्रुप, म्हणजे जिथे मूठ अडकवतात तो भाग, इतका जड का केला? कारण ते यंत्र बारसाठी होते. सकाळी सुरू व्हायचे, रात्री बंद व्हायचे, मधल्या वेळात एकामागून एक कप उतरायचे. जड पितळ आणि त्यातून फिरते गरम पाणी यांमुळे या अखंड रहदारीत तापमान टिकायचे. तो इटालियन बारच्या वर्दळीला दिलेला तोडगा होता.

१२/२५
तेच पितळ स्वयंपाकघरातील ओट्यावर आणले की काय होते? दोन कपांसाठी यंत्र अर्धा-पाऊण तास तापत ठेवावे लागते. बॉयलरमधल्या नळीतून पाणी तापवणारे साधे मॉडेल काही वेळ स्वस्थ राहिले, की नळीतील पाणी प्रमाणाबाहेर तापते. मग कॉफीआधी थोडे पाणी सोडून देऊन ते निववावे लागते. बारमध्ये ही अडचण जाणवत नसे, कारण तिथे यंत्राला स्वस्थ बसायला फुरसतच नव्हती. घरी मात्र गुणाचा दोष होतो.

१३/२५
इतिहासाच्या विद्यार्थ्याला या चुकीचे नाव ठाऊक असते: कालविपर्यास. एका काळातील उत्तर उचलायचे, त्याचा मूळ प्रश्न मागे ठेवायचा आणि ते उत्तर सर्वकाळ खरे मानायचे. गडाची तटबंदी भव्य असते, म्हणून कोणी फ्लॅटला तट बांधत नाही. '१९६१' हा आकडा माहितीपत्रकात पुरावा म्हणून येत नाही. तो अलंकार म्हणून येतो. अलंकार विकत घ्यायला हरकत नाही, मात्र तो अलंकाराच्या भावाने, चवीच्या भावाने नव्हे.

१४/२५
न्याय्य बाजूही नोंदवली पाहिजे. ई-६१ ग्रुपचे सुटे भाग दशकानुदशके मिळत आले आहेत आणि तो उघडून दुरुस्त करता येतो. पूर्ण दाबापूर्वी पूड हळुवार भिजवण्याची सोयही त्याने रूढ केली. ज्याच्या घरी दिवसभर माणसांचा राबता असतो, त्याला तो शोभतो. पण अशा यंत्रासाठी साध्या एकबॉयलर यंत्राच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक किंमत मोजावी लागते. सकाळच्या दोन कपांसाठी हा व्यवहार बसत नाही.

१५/२५
घरगुती यंत्रांची वंशावळ वेगळीच आहे, आणि माहितीपत्रकात तिला क्वचितच मान मिळतो. आधी छोट्या तरफेची यंत्रे आली. मग लहान, स्वस्त कंपन-पंप आला आणि घरातील ओट्यावर ९ बार सहज शक्य झाले. १९७७ मध्ये 'गाज्जा बेबी', १९९१ मध्ये 'गाज्जा क्लासिक', १९९७ मध्ये 'रांचिलिओ सिल्व्हिया'. घरासाठी यंत्र निवडणाऱ्याचे खरे पूर्वज हे आहेत.

१६/२५
सिल्व्हियाची जन्मकथा बोलकी आहे. व्यावसायिक यंत्रे बनवणाऱ्या रांचिलिओने आपल्या विक्रेत्यांना व आयातदारांना भेट देण्यासाठी ते लहान यंत्र घडवले आणि पुढे ते बाजारात लोकप्रिय झाले. लहान पितळी बॉयलर, ५८ मिलिमीटरची व्यावसायिक मापाची मूठ, मोजकी बटणे. दिखाव्याचा भाग जवळजवळ शून्य. घरगुती एस्प्रेसोच्या इतिहासातील सर्वांत टिकाऊ यंत्रे अशी रुक्षच निघाली, हा योगायोग नाही.

१७/२५
आता बाजारातील पहिली दिशाभूल: खोक्यावरचे '१५ बार' किंवा '२० बार'. हा आकडा पंपाची कमाल शक्ती सांगतो, कॉफीवरील दाब सांगत नाही. एस्प्रेसोला साधारण ९ बार लागतात. त्याहून फार अधिक दाबाने पूड आवळली जाते, पाणी तिच्यातून वाटा फोडते आणि अर्क असमान उतरतो. म्हणून चांगल्या यंत्रात जादा दाब परत टाकीकडे वळवणारी झडप असते. विचारायचा प्रश्न एकच: ती झडप ९ बारच्या आसपास लावलेली आहे का, नसल्यास लावता येते का?

१८/२५
दुसरी दिशाभूल: दुहेरी तळाची गाळणी. तिच्या आतल्या तळाला अनेक छिद्रे असतात आणि बाहेरच्या तळाला एकच सूक्ष्म छिद्र. प्रतिकार दळण करत नाही, ते छिद्र करते. तयार पूड वापरणाऱ्यासाठी ही सोय ठीक आहे. पण अशा गाळणीपुढे उत्तम ग्राइंडर ठेवणे म्हणजे पखवाजाला उशी गुंडाळून वादकाची परीक्षा घेणे. तिथे दिसणारा फेसही त्या छिद्राची करामत असतो. एकेरी तळाची गाळणी ज्यात बसत नाही, ते यंत्र यादीतून बाद.

१९/२५
तिसरा मुद्दा तापमानाचा, आणि इथे यंत्रावर खर्च करणे खरोखर सार्थ आहे. जुन्या घरगुती यंत्रांत साधा थर्मोस्टॅट असे. तो बंद होण्याच्या आणि पुन्हा चालू होण्याच्या बिंदूंत बरेच अंश जात. हौशी मंडळी दिवा विझल्यापासून सेकंद मोजून कॉफी काढत. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनीच उद्योगातला पीआयडी नियंत्रक, म्हणजे तापमान सतत मोजून हीटरला नेमकी वीज देणारे उपकरण, सिल्व्हियाला जोडले. आज मध्यम किमतीच्या अनेक यंत्रांत तो मुळातच येतो.

२०/२५
पूर्वपक्ष पहिला: 'यंत्र हलके निघाले तर ग्राइंडरचा पैसा वाया जातो.' हा आक्षेप अर्धा खरा आहे, म्हणून त्याला पूर्ण उत्तर हवे. दाब किंवा तापमान न सांभाळणारे यंत्र चांगले दळण निश्चित वाया घालवते. त्यामुळे अगदी स्वस्त यंत्रही घेऊ नये. पण ही एक उंबरठ्याची रेषा आहे. तिच्या अलीकडे प्रत्येक रुपया चवीत दिसतो. तिच्या पलीकडे तो बहुतांशी सोयीत, वेगात आणि देखणेपणात दिसतो.

२१/२५
पूर्वपक्ष दुसरा: 'दोन बॉयलरशिवाय गंभीर कॉफी होत नाही.' दोन बॉयलर म्हणजे एक कॉफीच्या पाण्यासाठी, एक दुधाच्या वाफेसाठी. दोन्ही कामे एकाच वेळी होतात. रोज सकाळी चार माणसांना दुधाची कॉफी लागत असेल, तर दुसरा बॉयलर चैन ठरत नाही. एस्प्रेसो आणि एखाद-दुसरा कापुचिनो एवढीच गरज असेल, तर एकच बॉयलर कॉफीवरून वाफेवर जायला जो थोडा वेळ घेतो, तेवढी वाट पाहण्याची तयारी ठेवावी. हा प्रश्न गांभीर्याचा नाही, घरातल्या माणसांच्या संख्येचा आहे.

२२/२५
आधुनिक संशोधनही बोट दळणाकडेच दाखवते. 'मॅटर' या नियतकालिकात २०२० साली क्रिस्टोफर हेंडन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. एका मर्यादेपलीकडे बारीक दळले, तर पुडीचा काही भाग तुंबतो आणि अर्क वाढण्याऐवजी घटतो, असे त्यात गणित व प्रयोग दोन्हींनी दाखवले आहे. किंचित जाड दळण आणि थोडी कमी पूड अधिक भरवशाची ठरली. हा सूक्ष्म बदल ग्राइंडरच्या कड्यावर करायचा असतो. चांगल्या ग्राइंडरची खरी किंमत इथे वसूल होते.

२३/२५
मग मध्यम किमतीचे यंत्र निवडताना काय पाहावे?
• एकेरी तळाची गाळणी. शक्यतो ५८ मिलिमीटर, कारण त्या मापाचे साहित्य सर्वाधिक मिळते.
• दाबाची झडप ९ बारवर, किंवा तेथे आणता येणारी.
• पीआयडी, किंवा तो नंतर बसवण्याची वाट.
• रबरी कडी, झडप, पंप हे भाग आणि ते बदलणारा माणूस आपल्या शहरात.
दाबमापक, लाकडी मुठी, क्रोम आणि साल हे या यादीत नाहीत.

२४/२५
या कसोटीवर गाज्जा क्लासिक व सिल्व्हिया या कुळातली यंत्रे आजही टिकतात. पहिल्याच्या अलीकडच्या आवृत्तीत दाब कारखान्यातूनच ९ बारवर लावून येतो. दोन्हींच्या मूळ रूपात थर्मोस्टॅट आहे, तेव्हा पीआयडीचा खर्च आधीच हिशेबात धरावा. आणखी एक गोष्ट कोणतेही इटालियन माहितीपत्रक सांगणार नाही: दख्खनच्या बोअरचे जड पाणी. त्यातील क्षार बॉयलरच्या आत थर धरतात, आणि तो थर दोन बॉयलरच्या महागड्या यंत्रालाही सोडत नाही. पाण्याची सोय आधी, यंत्राची चकाकी नंतर.

२५/२५
उरलेल्या पैशांत दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्यावा आणि चिकमगळूर-कोडगूची ताजी भाजलेली कॉफी आणावी. भारतीय कॉफीचा मोठा ग्राहक इटली आहे आणि इथला रोबस्टा तिथल्या मिश्रणांत वर्षानुवर्षे जात आला आहे. ज्या वारशासाठी दुप्पट दाम मोजायचे, त्याचा एक धागा सह्याद्रीच्या दक्षिण उतारावर उगवतो. पूर्वसुरींनी कोणता प्रश्न कोणत्या परिस्थितीत सोडवला, हे विचारणे म्हणजे इतिहास वाचणे. साल कोरलेली पाटी घरी आणणे म्हणजे फक्त खरेदी.

(समाप्त. मतभेद असल्यास युक्तिवादासह अवश्य मांडावेत.)